निघायचा दरवाजा

"समजा, आग लागली."

हे वाक्य आप्पा कुठंही म्हणायचे. देवळात, तहसिलीच्या ओसरीवर, लग्नाच्या मांडवात. एकदा तर कोणाच्या तरी तेराव्याच्या पंगतीत, भरल्या ताटावर बसून म्हणाले. माणसं दचकून इकडंतिकडं बघायची. आप्पा शांतपणे पुढचं विचारायचे, "आता निघायचं कुठून? बोला." माणसं आली त्याच दाराकडं बोट दाखवायची. मग ते मान हलवायचे, कोटाच्या खिशातून गाठी मारलेली दोरी काढायचे आणि दाराची रुंदी मोजायला लागायचे. गाव त्यांना मागून दोरीआप्पा म्हणायचं. मीही म्हणायचो. तोंडावर मात्र ‘आप्पासाहेब’.

त्यांचं खरं नाव मी लिहिणार नाही. ते लिहायचा मला हक्क नाही.

निजामाचे दिवस होते. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तहसिलीत मुनशी होतो. उर्दू अक्षर चांगलं म्हणून नोकरी लागली आणि त्याच अक्षराच्या जोरावर पुढं चढत गेलो. आप्पा तामीरात, म्हणजे रस्ते-इमारतींच्या खात्यात, ओव्हरसियर होते. मूळचे झरीचे, लिंगायत. गळ्यात लिंग, गुडघ्यापर्यंत कोट, डोक्याला रुमाल, आणि वहाणा बहुतेक वेळा काखेत. रस्त्यात गाडीवान भेटला की आधी बैलांच्या पाठीवरून हात फिरवायचे, खांद्याला गाठ आली का बघायचे, मग मालकाला नमस्कार. मालकाला राग यायचा. "मालक खोटं बोलंल, बैल न्हाई बोलायचा," असं त्याला तोंडावर ऐकवायचे.

आमचं गाव कापसाचं. दसरा झाला की झरीहून, वालूरहून, पार पाथरीच्या पलीकडून भरलेल्या गाड्या जिनिंगवर यायच्या आणि रस्त्यावर जागा मिळेल तशा उभ्या राहायच्या. आधी आलेली गाडी आत कोंडायची, मागून आलेली तिच्या तोंडाला लागायची. एकाच्या बैलाचं शिंग दुसऱ्याच्या बैलाच्या पोटात. शिव्या, काठ्या, रडारड. बाजाराच्या दिवशी तर बाईमाणसाला तिथून चालता यायचं नाही. शेवटी हुकूम निघाला की बाजाराच्या कडेला गाडीतळ करावा. दुसरा कोणी ओव्हरसियर असता तर चार भिंती घालून, एक दरवाजा लावून मोकळा झाला असता. आप्पांनी या कामात दोन वर्षं घातली.

एके दिवशी दुपारी मी कचेरीतून बाहेर आलो तर आवारात रिकामी बैलगाडी उभी. जुवाच्या एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला कचेरीचा शिपाई.

"आप्पासाहेब, हे काय करायलात?" मी विचारलं.

"गाडी वळायला किती जागा घेती ते बघायलाव. बैलाला इचारलं, त्याला सांगता येईना. बरं झालं आलात. चढा वर."

"मी कशाला?"

"वजन नको का? तुमी कापूस. गप बसा."

मी कापूस होऊन बसलो. ते दोघं गाडी ओढत आवारभर फिरले, चाक जाईल तिथं आप्पा चुन्याची फक्की टाकायचे. तहसीलदार खिडकीतून बघत होते आणि कपाळावर हात मारत होते. पुढं जाणं झालं, मग आप्पा म्हणाले, आता मागं. दोघांनी जोर लावला. गाडी वाकडी झाली, चाक फिरलं, जू शिपायाच्या बरगडीत बसलं आणि कापूस खाली पडला. आप्पांना इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

"बघितलंत? मोटार मागं जाती, मुनशी. भरली बैलगाडी मागं जात न्हाई. बैलाला मागं रेटलं की त्यो एक तर बसतो, न्हाईतर मारतो. म्हनून गाडीला मागं यायचं कामच पडू नये. पुढून यावं, पुढं निघून जावं."

सगळं शहाणपण एवढंच. पण त्यांनी ते जमिनीवर उतरवलं. पश्चिमेचा दरवाजा येण्याचा, पूर्वेचा निघायचा. मधे चुना दिलेल्या दगडांच्या तिरक्या रांगा. गाडी तिरकी लावायची, जू निघायच्या वाटेकडं, म्हणजे बैल जुंपले की नाकासमोर बाहेर. बैलाची दावण एका ओढीत सुटेल अशा गाठीची. कोपऱ्यात पाण्याचा हौद, आणि चुली मांडायच्या त्या हौदाशेजारीच, गाड्यांत नाही. जमिनीला असा उतार की मूत-शेण वाहून नालीला लागावं. रांगांच्या मधून लिंबाची झाडं, ती तर स्वतः कावडीनं पाणी घालून जगवली. भोवती छातीएवढी दगडी भिंत.

पूर्वेचा दरवाजा मात्र त्यांनी नवरीसारखा नटवला. घडीव दगडाचे दोन खांब, त्यांना पांढराशुभ्र चुना, दोन्ही अंगांनी मोठाले जुने लिंब होते ते राखलेले, खाली फरशी. मी थट्टा केली, "आप्पासाहेब, लोक येण्याचं दार सजवतात. तुम्ही जाण्याचं सजवलंत."

"येताना मानूस कुठूनबी येतंय," ते म्हणाले. "निघायचं दार त्याला लांबून दिसलं पायजे. धुरातबी दिसलं पायजे."

मला वाटलं, यांच्या घरात कधी तरी काही जळलं असणार. धीर करून विचारलं. आप्पा माझ्याकडं बघतच राहिले. "काईच जळलं न्हाई. जळाल्यावरच डोकं चालवावं का, मुनशी?"

गाडीतळ सुरू झाला त्या दिवशी पहिलं भांडण झालं ते वालूरच्या सुंदराबाईशी. विधवा बाई, थोडी कोरडवाहू जमीन, गाडी स्वतः हाकायची. बैलांची नावं राजा आणि परधान. तोंड असं की जिनिंगचा काटेवाला तिला बघून काट्याला हात लावायचा नाही. आप्पा तिला गाडी तिरकी लावायला सांगायला लागले.

"माझे बैल वाकडे उभे ऱ्हात न्हाईत," ती म्हणाली. "सरळ मानसाचे बैल हायेत."

"बाई, समजा, आग लागली."

"तुमच्या तोंडाला लागो! कापूस इकायला आले मी, अन् हे मेलं आगीचं काय काढायलंय!"

सगळा तळ हसला. आप्पाही हसले. मग त्यांनी स्वतः तिची गाडी तिरकी लावली आणि म्हणाले, "आता जुंपा अन् निघा. हाक मारू नका, कोनाला बाजूला व्हा म्हनू नका." सुंदराबाई कुरकुरत जुंपायला लागली. एका ओढीत दावण सुटली, गाडी हलली, आणि बाई खाली न उतरता, कोणाला एक शिवी न देता सरळ पूर्वेच्या दरवाज्यातून रस्त्यावर गेली. तिथं तिनं गाडी थांबवली, मागं वळून बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला. पुढच्या बाजारापासून तीच तळावर ओरडत फिरायची, "ए दाजी, तिरकी लाव की! सासुरवाडीला आलास का पसरायला?" आप्पांपेक्षा लोक तिलाच जास्त घाबरायचे.

इथपर्यंत सांगायला बरं वाटतं. आता माझं सांगतो.

तळ सुरू झाल्याच्या दुसऱ्या वर्षी तालुकदार साहेबांचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या मालकाचाच म्हणा ना, दौरा आला. साहेबांनी नवी मोटार घेतलेली. गावात मोटार म्हणजे काय अप्रूप! साहेबांना काळजी एकच, मोटारीचा रंग उन्हानं जाऊ नये. मुक्काम वर्षातून दोनदा, आठ-आठ दिवसांचा, तेवढ्यासाठी सावलीची पक्की जागा पाहिजे. तहसीलदारांना घाम फुटला. हे झाड दाखव, ते छप्पर दाखव, साहेबांना काही पसंत पडेना. मी मागं फाइल धरून उभा होतो. मला कोणी विचारलं नव्हतं. कुत्र्यानं विचारलं नव्हतं. तरी मी पुढं झालो आणि म्हणालो, "हुजूर, गाडीतळाच्या पूर्वेच्या दरवाज्यात सावली उत्तम आहे. फरशीसुद्धा घातलेली आहे."

साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. जागा बघितली, "वाह, क्या जगह है," म्हणाले, आणि जाताना माझं नाव विचारलं. त्या दिवशी मी घरी पेढे नेले.

आप्पा तेव्हा दहा पावलांवर हौदापाशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

महिन्याभरात मोटारखाना उभा राहिला. दोन खांबांच्या मधे, बरोबर दरवाज्यात. वर पत्रा, रस्त्याच्या बाजूला लाकडी दार, आणि तळाच्या बाजूला विटांची भिंत. लोक म्हणाले, काय बिघडतं, पश्चिमेच्या दारानं यायचं, त्याच दारानं जायचं. आधी दोन दारं कुठं होती?

आप्पांनी अर्ज केला. मग दुसरा केला. मग दर महिन्याला करायला लागले. ते अर्ज माझ्याच टेबलावर यायचे, मी त्यांवर ‘दाखल’ असा शेरा मारून फाइलला लावायचो. शेवटी साहेबांचा पुढचा मुक्काम पडला तेव्हा आप्पा स्वतः गेले. काखेत पिशवी, पिशवीत रिकाम्या काडेपेट्या. त्यांनी साहेबांच्या पुढ्यात, सतरंजीवरच, गाडीतळ मांडला. काडेपेट्या म्हणजे गाड्या. दोरी म्हणजे भिंत.

"हुजूर, समजो, आग लगी," आप्पा म्हणाले. "ये गाडी पीछे नहीं जाती. किधर से निकलेंगे?"

साहेब सिगारेट ओढायच्या बेतात होते. त्यांनी वाकून एक काडेपेटी उचलली, हलवून बघितली, रिकामी निघाली म्हणून फेकून दिली. दुसरी उचलली, तीही फेकली. "ओव्हरसियर साहब, दफ्तर में काम कम है क्या?" त्यावर सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. आप्पांनी काडेपेट्या गोळा केल्या. एक साहेबांच्या खुर्चीखाली गेली होती, ती काढायला ते गुडघ्यावर बसून आत हात घालत होते आणि साहेबांनी पाय उचलला नाही.

मग एका फाल्गुनात, बाजाराच्या दिवशी, आग लागली.

भर दुपार. पश्चिमेचा वारा. कापसाचा शेवटचा भर, तळात तिळभर जागा नव्हती. हौदाशेजारी चुली मांडायचा नेम कधीच सुटला होता. एक दार बंद झाल्यापासून गाड्या तिथवर घुसायच्या. येण्याच्या दरवाज्याजवळ कोणीतरी तीन दगड मांडून भाकरी टाकत होतं, ठिणगी उडाली ती शेजारच्या गाडीत. कापूसच तो. मी कचेरीच्या ओसरीवरून धूर बघितला आणि पळालो. मला आधी कोण आठवलं असेल? साहेब. साहेब मुक्कामाला होते आणि मोटार मोटारखान्यात होती.

पश्चिमेचा दरवाजा तर पेटलाच होता. सगळ्या गाड्यांची तोंडं अजून आप्पांच्या दगडांप्रमाणं पूर्वेकडं. बैलांना ती वाट पाठ होती. ज्यांनी जुंपले त्यांचे बैल सरळ पूर्वेला धावले आणि विटांच्या भिंतीवर जाऊन आदळले. मागच्या गाड्या त्यांच्यावर. मागं फिरायला वाटच नाही. माणसं गाड्या टाकून भिंतीवरून उड्या मारायला लागली.

आप्पा रस्त्याच्या बाजूनं मोटारखान्याच्या दारावर पहारीनं घाव घालत होते. तेवढ्यात शोफर किल्ली घेऊन धावत आला. त्यानं दार उघडलं, आत बसला, आणि मोटार एका दमात मागं निघाली. सरळ रस्त्यावर. एक ओरखडा नाही. मग आप्पा आत घुसले आणि मागच्या भिंतीवर पहार मारायला लागले. मीही मारली, हे सांगायला पाहिजे का? मारली. पलीकडून बैल हंबरत होते ते विटांतून ऐकू येत होतं.

भगदाड पडलं तेव्हा पलीकडं निघण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. वालूरचे लोक सांगत होते, सुंदराबाई भिंतीवरून बाहेर पडली होती. सुखरूप होती. मग तिला राजाचा आवाज आला. "त्याची एका ओढीची गाठ हाय, आत्ता सोडते," असं म्हणून ती परत आत उतरली. दावण तिनं सोडली होती. दोन्ही बैल आणि बाई भिंतीच्या पायाशी सापडले, भगदाडापासून चार हातांवर.

चौकशीला जिल्ह्याहून दुसरे अधिकारी आले. तहसिलीच्या मोठ्या दालनात बैठक, जबान्या लिहून घ्यायला मी. अक्षर चांगलं ना! एकेक विचारून झालं आणि शेवटी अधिकाऱ्यांनी विचारलं, "निघायच्या दरवाज्यात मोटारखाना बांधावा, ही गोष्ट मुळात कोणी काढली?"

माझा टाक तसाच राहिला. तहसीलदार छताकडं बघत होते. आप्पा समोर उभे होते, हाताला भाजल्याच्या पट्ट्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं, मोजून घ्यावं तसं. मी मनात म्हणालो, संपलं.

"चूक माझी हाय, हुजूर," आप्पा म्हणाले. "ती जागा मी लय देखणी केली. साधी ठिवली असती तर कोनाची नजर गेली नसती."

अधिकाऱ्यांना तेवढं पुरलं. ‘ओव्हरसियरनं चूक कबूल केली,’ असं त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. ती जबानी कुठं असेल तर काढून बघा, एक खाडाखोड सापडणार नाही. आप्पांची नोकरी गेली, ते झरीला गेले. पंधरा दिवसांत भगदाड परत विटांनी बुजवलं, त्या कामाच्या मंजुरीचा कागदही मीच तयार केला. पुढच्या साली मी बढती मिळून पेशकार झालो. मला लाज वाटली का? वाटली. पण लाज वाटून कोणी पेशकारी सोडत नाही, मीही सोडली नाही.

एक मात्र केलं होतं. आप्पांचा मूळचा नकाशा, दोन दरवाज्यांचा, फाइलीतून काढून घरी कपाटात ठेवला होता. कधी काळी वेळ येईल तेव्हा पुढं करीन, असं स्वतःला सांगत होतो.

वेळ आली. निजामाचं राज्य गेलं. कचेरीवर तिरंगा लागला, गावानं गुलाल उधळला. नवे साहेब हजर झाले, तरुण, मराठी बोलणारे, भले गृहस्थ. पहिल्याच दिवशी मी नकाशा काखेत घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. रात्रंदिवस पाठ केलेलं वाक्य ओठांवर होतं.

"बोला पेशकार, काय आणलंय?" साहेबांनी हसून विचारलं.

आणि मी म्हणालो, "काही नाही साहेब. आपली जीप कुठं लावायची, ते विचारायला आलो होतो."

"आहे ना तो मोटारखाना. सावली छान आहे तिथं."

"होय साहेब," म्हणालो आणि नकाशा घेऊन घरी आलो.

त्याच महिन्यात झरीचा एक गाडीवान कचेरीत आला. "आप्पानं बोलावलंय. लय थकलेत. तुमचंच नाव घ्यायलेत." मी त्याच्याच गाडीत बसून गेलो. ओसरीवर बाजेवर आप्पा पडले होते, नुसता सापळा. भिंतीकडच्या कोनाड्यात काडेपेट्या तिरक्या रांगेत मांडलेल्या. मी पाया पडलो. कसे आहात, हे विचारायचीही त्यांनी मला उसंत दिली नाही.

"मुनशी, राज्य बदललं म्हनं."

"होय आप्पासाहेब."

"मंग दरवाजा उघडला का?"

बाहेर गाडीवान बैलांना पाणी पाजत होता. आप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते. मी खरं सांगायला पाहिजे होतं.

"उघडला," मी म्हणालो.

"कोनी उघडला?"

"मी."

आप्पांनी डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी आलं ते कानावर गेलं, त्यांनी पुसलं नाही. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "म्हनून तर त्या दिशी तुमचं नाव घेतलं न्हाई. तुमचंबी नाव घेतलं असतं तर दोघंबी गेलो असतो. मंग कचेरीत दरवाजा उघडायला कोन राहिलं असतं?"

मग त्यांनी उशाखाली हात घातला आणि गाठींची दोरी काढून माझ्या हातात दिली.

"एकदा मोजून घ्या," म्हणाले. "दोन गाड्या शेजारनं निघाल्या पायजेत."

मी दोरी घेतली. मोजून घेतो, म्हणालो.